खडूचा ओटा

ओटेवाल्याची कामाची एक पद्धत होती आणि तिच्यापायी लोक त्याला थोडा चक्रम समजत. कुणाच्याही घरी स्वयंपाकघराचं काम काढलं की तो आधी टेप बाहेर काढत नसे. खिशातून खडू काढी, गुडघे टेकून बसे आणि मोकळ्या जमिनीवर चौकोन आखी. हे सिंक. ही शेगडी. ही मधली जागा, चिरायला-कापायला. हा फ्रिज. मग हात झटकत उठे आणि घरातल्या बाईला म्हणे, "वहिनी, आता इथे चहा करा."

"कशात करू?"

"कशातच नाही, नुसता करा. भांडं घ्या, पाणी भरा, शेगडीवर ठेवा. साखर जिथे ठेवणार तिथे हात न्या. मग गाळा आणि गाळणं विसळून टाका."

बाई लाजे. मागे उभी असलेली सासू नाहीतर नणंद फिसकन हसे. नवरा म्हणे, "खरा चहा काही वेळेवर मिळत नाही, हा तरी मिळू दे." बाई त्याच्याकडे डोळे वटारून बघे आणि हवेतलं भांडं उचले. एकदा का हात चालू लागले, की आपल्याला कुणी बघतंय हे ती विसरून जाई. ओटेवाला भिंतीला टेकून तिच्या पायांकडे बघत राही. पाय कुठे अडखळतात, कुठे वळताना शेगडीकडे पाठ होते, उकळतं भांडं घेऊन ती किती चालते. मग तो एखादी रेघ चपलेने पुसे आणि दुसरीकडे ओढी.

"आता पुन्हा करा."

"पुन्हा? एवढा चहा पिणार कोण?"

असं करता करता सिंक आणि शेगडी एका ओळीत येत, मध्ये दोन हात टेकतील एवढी जागा सुटे, शेगडी खिडकीच्या वाऱ्यापासून बाजूला सरके. ओट्याची उंची त्या बाईच्या कोपराच्या थोडी खाली. एवढं जमलं की मग टेप. आणि त्याने बांधलेल्या ओट्यावर उभं राहून कुणाची कंबर दुखल्याचं कधी कानावर आलं नाही.

एक घर तेवढं राहिलं होतं. त्याचं स्वतःचं.

त्याच्या घरी शेगडी खिडकीखाली होती आणि सिंक समोरच्या भिंतीला, मागच्या दाराजवळ. आधीच्या मालकाने पाण्याची लाइन तिथूनच आत घेतली होती, आणि तिथे आहे म्हणून ती तिथेच राहिली. भात निथळायचा तर उकळतं पातेलं घेऊन पूर्ण मागे वळायचं आणि अख्खी खोली ओलांडायची. दगड मध्यभागी खचलेला. नळ इतका बुटका, की मोठं भांडं तिरकं केल्याशिवाय त्याच्याखाली जातच नसे. दुसऱ्या कुणाकडे असलं स्वयंपाकघर बघितलं असतं तर त्याने कपाळाला हात लावला असता. आपल्या घरी तो दारात उभा राहून चहा घेई आणि कामाला जाई.

बायको सुरुवातीला मागे लागायची. "अहो, माझा ओटा कधी?"

"हातातलं हे एक काम उरकलं की."

कामं उरकत राहिली आणि नवी येत राहिली. मग तिने त्याची थट्टा केली. कुणी पाहुणी आली की ती पदराने घाम टिपत म्हणायची, "आमचे हे लोकांच्या बायकांची स्वयंपाकघरं करत हिंडतात. मी दुसऱ्या कुणाची बायको असते, तर माझंही झालं असतं." पाहुणी हसायची, ओटेवाला हसायचा, आणि ती तर सगळ्यांपेक्षा जास्त हसायची. पुढे कधीतरी तिने हेही म्हणायचं सोडून दिलं. तिला सवय झाली असेल, असं त्याला वाटलं. ते खोटं नव्हतं.

तिचं विसरणं दबकत आलं. आधी चष्मा, किल्ल्या. ते काय, सगळ्यांचंच होतं. मग शेजारणीचं नाव. मग एकदा बाजारातून येताना ती आपल्याच गल्लीच्या तोंडाशी पिशवी घेऊन उभी राहिली आणि ओळखीच्या दुकानदाराने तिला घरी आणून सोडलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, फोटो काढले आणि ओटेवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं, की हे वाढत जाणार, हिला सांभाळा.

पण स्वयंपाकघरात ती अख्खी होती. बाहेरच्या खोलीत "आज वार कोणता" असं पुन्हा पुन्हा विचारणारी बाई उंबरा ओलांडून आत गेली की सरळ उभी राही. शेगडीपासून वळायची, चालत सिंकपाशी जायची, भांडं तिरकं करून नळाखाली धरायची, परत यायची. न बघता. मिठाच्या डब्यावर हात पडायचा तो मिठाच्याच डब्यावर. तिच्या हातचं खाताना ओटेवाल्याचा डॉक्टरांवरचा विश्वास उडून जाई.

मग ती सकाळ आली. बटाटे उकडून झाले होते. ती पातेलं घेऊन वळली आणि नेहमीसारखी सिंककडे निघाली. खोलीच्या मधोमध ओटेवाल्याची हत्यारांची पिशवी पडली होती. चहा घेता घेता त्यानेच ठेवलेली. तिचा पाय पिशवीत अडकला आणि उकळतं पाणी तिच्या दुसऱ्या पायावर सांडलं.

संध्याकाळी लेक आली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, नोकरी करायची. आईचा पट्टी बांधलेला पाय मांडीवर घेऊन ती बसली.

"बाबा, आता बास. गॅसला कुलूप लावा. नाहीतर आईला मी नेते."

"शेगडीवरून उठवलीस तर ती संपेल," ओटेवाला म्हणाला. "तिथेच तर ती शाबूत आहे."

"आणि पाय?"

"त्यात तिची काय चूक? खोलीच चुकीची आहे. शेगडी इकडे, सिंक तिकडे. धडधाकट माणूससुद्धा भाजेल. मला एकदा तिचा ओटा करू दे."

"आत्ता?" लेक त्याच्याकडे बघत राहिली. "मी शाळेत असल्यापासून ऐकतेय ते."

"आत्ताच. दोन पावलांत सगळं आणून ठेवतो. पाय बरा होईपर्यंत तिला तुझ्याकडे ने."

"आणि तरी नाही जमलं तर?"

"मग ने कायमची. मी आडवा येणार नाही."

बायको या सगळ्या बोलण्यात कधी हिच्या, कधी त्याच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी तिने लेकीला विचारलं, "चहा ठेवू का पाहुण्यांना?"

दुसऱ्या दिवशी रिकाम्या घरात ओटेवाल्याने खडू काढला. खिडकीच्या बाजूची भिंत सलग होती. तिच्यावर सगळं एका ओळीत बसवायचं त्याने ठरवलं. सिंक, मग मोकळी जागा, मग शेगडी. जुन्या सिंकच्या जागी फ्रिज. रेघा मारून झाल्या आणि तो सवयीने वळून म्हणणार होता, आता चहा करा. पण चहा करणारी लेकीकडे होती आणि तिचा पाय जमिनीला टेकत नव्हता. म्हणून तो चहा त्यानेच केला. खांदे थोडे वाकवून, तिच्यासारखा डोळ्यांवर आलेला केस मनगटाने मागे सारत. पाणी भरलं, शेगडीवर ठेवलं, साखर घातली, गाळलं, विसळलं. कुठेही अडखळायला झालं नाही. आयुष्यात इतका सरळ ओटा आपण आखला नव्हता, असं त्याला वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले.

नळाच्या कामाला त्याने त्याचा जुना सोबती बोलावला. या प्लंबरला सगळे टपटप म्हणत, कारण ऐन उमेदवारीत त्याने बसवलेला एक नळ कुणालाही बंद करता आला नव्हता. आता त्याचा हात पक्का होता, पण नाव काही सुटलं नाही.

"वहिनींचा ओटा होतोय तर!" टपटप दारातूनच ओरडला. "आता मला मरायला हरकत नाही. फक्त पाण्याची लाइन वळवून झाल्यावर मरतो."

"आधी जुनी कापून बुजव. गळायला नको."

"दादा, माझ्याशी गळायचं बोलायचं नाही."

दोघांनी जुना दगड फोडला, सिंक उखडलं. मलबा पोत्यांतून बाहेर गेला. जमीन मोकळी झाली तेव्हा टपटप खाली वाकला.

"दादा, इथे वाट पडलीय बघा."

खरंच पडली होती. जुन्या फरशीवर फिकट नक्षी होती, बारीक पानांची. शेगडीच्या जागेपासून सिंकच्या जागेपर्यंत पानं पार पुसून गेली होती, आणि दोन्ही टोकांना, जिथे ती उभी राहायची तिथे, फरशी बोटाला कळेल इतकी दबली होती. ओटेवाल्याने त्यावरून हात फिरवला.

"केवढी चालली ही बाई," तो म्हणाला. "आता नाही चालावं लागणार."

आणि त्याने त्यावर नवी फरशी बसवली. खरखरीत, पाय न घसरणारी. वर काळा चकचकीत दगड. एकदा कुठल्याशा डॉक्टरीणबाईंच्या घरी तसा दगड बघून बायको म्हणाली होती, "यात तोंड दिसतं की!" कडा त्याने हाताने घासून गोल केल्या. उंच मानेचा नळ. शेगडीमागच्या भिंतीला पांढऱ्या टाइल. रोज संध्याकाळी तो लेकीला फोन करून काय काय झालं ते सांगत राही. लेक ऐकून घेई.

बायको परत आली तेव्हा पायावर फक्त गुलाबी डाग उरला होता. ओटेवाल्याने दाढी केली होती. त्याने तिला खांद्याला धरून स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं. लेक मागे होती.

"बघ."

ती बघत राहिली. मग तिने पदर नीट केला, जसा परक्या घरी गेल्यावर करायची.

"छान आहे हो," ती म्हणाली. "बाई कुठे गेल्या?"

"कोण बाई?"

"या घरच्या."

लेकीने तोंड फिरवलं. ओटेवाला हसला. नवीन आहे, चार दिवस जातील, तो म्हणाला. कुणालाही नवीन ओटा अंगवळणी पडायला वेळ लागतो. हे तो गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचा.

त्याने तिच्या हातात पातेलं दिलं. तिने ते ओट्यावर ठेवायला नेलं आणि हात मागे घेतला.

"काय झालं?"

"पाणी आहे तिथे. बुडेल."

"पाणी कुठलं? दगड आहे. हा बघ." त्याने दगडावर थाप मारली. तिने काळ्या दगडात दिसणाऱ्या त्याच्या हाताकडे बघितलं आणि पातेलं छातीशी घट्ट धरलं.

त्याने दगडावर पांढरा कपडा अंथरला. मग ती ठेवू लागली. तिच्या हाताला धरून तो रोज तिला शिकवू लागला. हे सिंक, इथेच, हात लांब केलास की झालं. ती मान हलवी, समजूतदार पोरीसारखी. आणि भात झाला की पातेलं उचलून मागे वळे, खोली ओलांडे आणि फ्रिजसमोर जाऊन उभी राही. तिथे ती वाट बघे. कशाची ते तिला सांगता येत नसे. पातेल्याची वाफ तिच्या तोंडावर येत राही. ओटेवाला घाईने पातेलं काढून घेई. एक दिवस तो दाराशी कुणाशी तरी बोलत होता, तेवढ्यात तिने तिथेच, फ्रिजच्या पायाशी, सगळं पाणी ओतलं. भाजली नाही. पण भिजलेल्या साडीने ती तिथेच उभी राहिली आणि तो धावत आला तेव्हा त्याच्यावर ओरडली, "सिंक कुठे गेलं? कुणी नेलं माझं सिंक?"

इतक्या दिवसांत तिने "माझं" म्हटलेली ती एकच गोष्ट होती.

त्यानंतर तिने आत जाणं सोडलं. कुणी मनाई केली नव्हती. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर ती पर्स मांडीवर घेऊन बसे आणि आपण घरी कधी जायचं ते विचारी. "हेच घर," तो म्हणे. ती भिडस्तपणे हसे. लोक आग्रह करून ठेवून घेतात तेव्हा हसावं तशी.

स्वयंपाक तो करू लागला. दोन पावलांत सगळं येत होतं. उंची मात्र तिच्या कोपराची होती, त्याला वाकावं लागे.

एका दुपारी तो तिला चहा घेऊन आला, तेव्हा ती जरा पुढे झुकून हळूच म्हणाली, "मिस्त्री, एक विचारू?"

कप त्याच्या हातात राहिला. "विचारा," तो म्हणाला.

"तुम्ही या बाईंचा ओटा फार सुरेख केलात. आमच्याकडे एक काम आहे. आमचे हेही ओटेच करतात, पण लोकांच्या बायकांचे. माझ्या ओट्याला त्यांना सवड होत नाही." ती मान तिरकी करून हसली. तेच हसू. "त्यांना नका सांगू हं, मी बोलले ते. वाईट वाटेल त्यांना."

"नाही सांगत," ओटेवाला म्हणाला.

तो तडक टपटपच्या घरी गेला. "जसं होतं तसं करायचंय."

"काय?"

"सगळं. सिंक तिकडे, शेगडी खिडकीखाली. बुटका नळ. खचलेला दगड."

टपटपने हातातला पाना खाली ठेवला. "लाइन फिरवून देतो मी, दादा. म्हणाल तशी. पण दगड कुठून आणू? पोती कधीच गेली. मापं आहेत का?"

मापं नव्हती. गावभरच्या ओट्यांना त्याने टेप लावला होता, पण घरच्या ओट्याला कधीच नाही. शेगडी खिडकीच्या किती डावीकडे होती? दगड किती खचला होता? मिठाचा डबा कोणत्या फळीवर? तो दारात उभा राहून चहा प्यायचा, एवढंच त्याला आठवत होतं. तिचे पाय कसे पडायचे, हे त्याने कधी बघितलं नव्हतं. आणि ज्या फरशीवर ते लिहून ठेवल्यासारखं उमटलं होतं, तिच्यावर त्याने स्वतःच्या हाताने सिमेंट पसरलं होतं.

"ती पिशवी उचलून ठेवली असती ना," तो म्हणाला.

"कुठली पिशवी?"

"काही नाही."

लेक येत्या रविवारी येणार होती. फ्रिजपाशी पाणी सांडल्याचं त्याने तिच्यापासून लपवलं नव्हतं. ती रागावली नव्हती. "बाबा, तुम्ही केलंत ना तुमच्या परीने," एवढंच म्हणाली होती, आणि रागावली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं होतं. त्याने तिला शब्द दिला होता. तो आडवा येणार नव्हता.

पण रविवार यायला अजून थोडे दिवस होते. सकाळी त्याने बाहेरच्या खोलीतलं सामान भिंतीला लावलं, गुडघे टेकले आणि आठवेल तसा जुना ओटा जमिनीवर आखला. खिडकीच्या बाजूला शेगडी. पलीकडे, दाराजवळ, सिंक. मधली जागा त्याने मोकळी सोडली, तिच्या चालण्यासाठी. मग तो खुर्चीजवळ गेला.

"अगं, चहा कर."

ती उठली. पर्स खुर्चीवर ठेवली. खडूच्या शेगडीपाशी येऊन थांबली आणि खाली बघू लागली. ओटेवाला भिंतीला टेकून उभा राहिला. त्याने तिच्या पायांवर नजर लावली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

ती वळली. आणि चालत निघाली, सरळ, त्या मोकळ्या जागेतून, खडूच्या सिंककडे. ती सिंकवरून पुढे गेली, दाराशी वाळत घातलेलं फडकं काढलं, बादलीत बुचकळून पिळलं आणि जमिनीवर बसली.

"कोण मेलं रेघोट्या मारून गेलं," ती म्हणाली. "लोकांची घरं म्हणून काय वाट्टेल ते करायचं?"

आणि ती पुसू लागली. आधी सिंक, मग शेगडी. कोपऱ्यांतून, कडेकडेने, जोर लावून. फडकं पुन्हा पिळलं, पुन्हा फिरवलं. हात कुठेही चुकत नव्हते. ओटेवाल्याने तिला थांबवलं नाही. ती त्याच्यापाशी आली तेव्हा म्हणाली, "पाय वर घ्या, मिस्त्री," आणि त्याने एक एक करून पाय वर घेतले.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा आखलं. तिने पुन्हा पुसलं. तिसऱ्या दिवशीही. आता तो काही आठवायचा प्रयत्न करत नव्हता. चौकोन कुठेही पडे, रेघ कुठेही जाई. खडू तेवढा जाड ओढायचा, म्हणजे तिला वेळ लागे.

रविवारी लेक आली तेव्हा जमीन नुकतीच पुसून झाली होती, अजून ओली होती. कपड्यांची बॅग दाराशी तयार होती. लेकीने आईला चपला घातल्या. घरी जायचं म्हटल्यावर आईचा चेहरा उजळला होता. ती आपणहून उभी राहिली, पर्स काखेत धरली आणि उंबऱ्याशी मागे वळली.

"येते हं, मिस्त्री. बाई आल्या की सांगा, फरशी पुसून ठेवलीय."

"सांगतो," ओटेवाला म्हणाला.